इंग्रजी ‘हॅव’ पुन्हा पुन्हा का चुकतं? लक्षणं, तपासणी आणि दुरुस्ती

लक्षणं

खालच्यासारखं एखादं वाक्य तुमच्या मेलमध्ये, बायोडेटात किंवा ऑफिसच्या ग्रुपवर दिसलं, की दोष ‘हॅव’चा आहे असं समजा.

- ‘वी आर हॅविंग अ ब्रँच इन नाशिक.’
- ‘डिड यू हॅड युअर लंच?’
- ‘शी डझंट हॅज अ पासपोर्ट.’
- ‘आय हॅव सिलेक्टेड फॉर द पोस्ट ऑफ क्लार्क.’
- ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९.’
- ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स.’
- ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.’
- ‘आय रिपेअर्ड माय फोन’, आणि फोन खरं तर दुकानदाराने दुरुस्त केलेला.

यातलं वाक्य सुधारून दिलं तरी पुढच्या आठवड्यात तोच माणूस तेच पुन्हा लिहितो, कारण सुधारणा त्या एका वाक्याची झालेली असते आणि मूळ तसंच राहतं. कॉम्प्युटरचं स्पेलिंग तपासणं इथे कामाचं नाही. वरच्या एकाही वाक्यात एकही स्पेलिंग चुकलेलं नाही.

मूळ आहे आपल्या ‘आहे’मध्ये. मराठीत ‘हॅव’साठी वेगळं क्रियापद नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, तिला ताप आहे, घराला तीन खिडक्या आहेत: सगळीकडे असणे, आणि कुणाचं काय ते प्रत्यय सांगतो. वर ‘मी जेवतो आहे’ आणि ‘मी जेवलो आहे’ यांनाही तोच ‘आहे’. इंग्रजीत या एका शब्दाची वाटणी होते. जेवतो आहे हे ‘ॲम ईटिंग’कडे जातं, जेवलो आहे हे ‘हॅव ईटन’कडे आणि दोन भाऊ आहेत हे साध्या ‘हॅव’कडे. घाईत वाटणी चुकते आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ तयार होतं. पुढची प्रत्येक तपासणी हीच वाटणी तपासते. सुरुवात फुकट आणि दोन मिनिटांत होणाऱ्या कामापासून करू.

तपासणी १: ‘हॅव’ की ‘हॅज’

‘ही’, ‘शी’, ‘इट’ला ‘हॅज’, बाकी सगळ्यांना ‘हॅव’ हे शाळेपासून पाठ असतं. तरी तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण ‘डू’, ‘डज’, ‘डिड’च्या मागे. काळाची किंवा पुरुषाची खूण वाक्यात एकदाच लागते आणि ती ‘डज’ने किंवा ‘डिड’ने आधीच लावलेली असते. त्यानंतर नेहमी मूळ रूप: ‘शी डझंट हॅव’, ‘डिड यू हॅव’. ‘कॅन’, ‘विल’, ‘शुड’, ‘मे’ आणि ‘टू’ यांच्यानंतरही तेच. ‘शी शुड हॅज’ असं काही नसतं.

दुसरं, लांबलचक कर्ता. ‘द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स’ इथे कर्ता लिस्ट आहे, कँडिडेट्स नाहीत, म्हणून ‘हॅज बीन पब्लिश्ड’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’लाही ‘हॅज’, कारण मित्र एकच.

तिसरं, फसवे शब्द. ‘पोलीस’ आणि ‘पीपल’ अनेकवचनी: ‘द पोलीस हॅव अरेस्टेड’. ‘न्यूज’, ‘फर्निचर’, ‘एव्हरीवन’ एकवचनी. ‘एव्हरीवन’ला आपण मनात सगळे म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘हॅव’कडे जातो.

प्रश्न आणि नकार करताना एवढं बघा, की ‘हॅव’च्या मागे दुसऱ्या क्रियापदाचं तिसरं रूप आहे का? असेल तर प्रश्न ‘हॅव’नेच होतो: ‘हॅव यू सीन इट?’ नसेल तर ‘डू’ची मदत घ्या: ‘डू यू हॅव अ पेन?’ ‘हॅव यू अ पेन?’ हे जुन्या ब्रिटिश वळणाचं आहे. चूक नाही, पण आज लिहिलं तर आजोबांच्या व्याकरणाच्या पुस्तकातून उचलल्यासारखं वाटतं.

तपासणी २: ‘हॅविंग’ शोधा

फाइल उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा, ‘हॅविंग’ टाका. जिथे जिथे सापडेल तिथे थांबून विचारा: इथे काही चाललेलं आहे, की फक्त आहे? खाणं, पिणं, मीटिंग, त्रास, मजा, बाळंतपण या चालणाऱ्या गोष्टी. त्यांना ‘हॅविंग’ चालतं: ‘वी आर हॅविंग लंच’, ‘दे आर हॅविंग अ मीटिंग’, ‘आय ॲम हॅविंग ट्रबल लॉगिंग इन’. भाऊ, गाडी, शाखा, अनुभव, पदवी, शंका, आजार हे नुसते असतात. त्यांना ‘हॅव’ किंवा ‘हॅज’.

‘वी हॅव अ ब्रँच इन नाशिक.’ ‘द फ्लॅट हॅज टू बाल्कनीज.’ ‘आय हॅव अ क्वेश्चन.’

आजारांच्या वाक्यांत हा दोष सर्वात ठळक दिसतो. ‘बाबांना शुगर आहे’ याचं ‘ही इज हॅविंग शुगर’ केलं, की परदेशी डॉक्टरला वाटेल बाबा आत्ता साखर खात बसलेत. ‘ही हॅज डायबिटीस’ म्हणा. ‘शी इज हॅविंग बीपी’चं ‘शी हॅज हाय ब्लड प्रेशर’. ताप, सर्दी, डोकेदुखी यांच्याआधी ‘अ’ विसरू नका: ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय हॅव अ कोल्ड’. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजते आहे, ते वेगळं.

जाहिरातीतलं ‘फ्लॅट्स हॅविंग कव्हर्ड पार्किंग’ समजतं, पण ‘विथ’ टाकलं की एका अक्षरगटात काम होतं. ‘हॅविंग पास्ड द एक्झाम, शी अप्लाइड’ हे मात्र पूर्ण बरोबर आहे. तिथे ‘हॅविंग’चा अर्थ ‘झाल्यावर’ असा आहे, त्याला हात लावू नका. ही तपासणी शिकल्यावर सगळेच ‘हॅविंग’ खोडायची लाट येते आणि ‘वी हॅव लंच नाऊ’ असली वाक्यं जन्माला येतात; म्हणून हा इशारा.

आणि एक स्पष्टच. ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ भारतात सगळ्यांना कळतं. डोंबिवलीहून कोईमतूरला पाठवलेल्या मेलमध्ये त्याने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते परदेशी ग्राहकाला लिहिताना, मुलाखतीत, आणि आयईएल्ट्‌ससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत. तिथे लेखन आणि संभाषण दोन्हींत चार निकषांपैकी एक पूर्ण निकष व्याकरणाचा असतो.

तपासणी ३: तिसरं रूप

‘हॅव’च्या मागे क्रियापद आलं तर ते तिसऱ्या रूपातच हवं. ‘वर्क्ड’, ‘कम्प्लीटेड’ अशांची दुसरी आणि तिसरी रूपं सारखीच, म्हणून तिथे कुणी चुकत नाही. चूक होते ती रोजच्या छोट्या क्रियापदांत: ‘हॅव वेंट’चं ‘हॅव गॉन’, ‘हॅव केम’चं ‘हॅव कम’, ‘हॅव डिड’चं ‘हॅव डन’, ‘हॅव सॉ’चं ‘हॅव सीन’, ‘हॅव रोट’चं ‘हॅव रिटन’. ‘कम’ खास फसवं आहे. त्याचं तिसरं रूप पहिल्यासारखंच असल्याने बरोबर लिहिलेलं चुकीचं वाटतं.

याच्याच शेजारी ‘बीन’ गळण्याचा दोष असतो आणि तो जास्त महाग पडतो. ‘आय हॅव सिलेक्टेड’ म्हणजे मी निवड केली आहे. माझी निवड झाली आहे हे सांगायचं तर ‘आय हॅव बीन सिलेक्टेड’. मराठीत ‘केली’ आणि ‘झाली’ हा फरक क्रियापदच सांगतं. इंग्रजीत ते काम ‘बीन’ करतं. म्हणून मनातल्या मराठी वाक्यात ‘झाली आहे’, ‘करण्यात आली आहे’, ‘नेमलं आहे मला’ असं काही असेल तर ‘बीन’ आहे का ते बघा. निवड, नेमणूक, बढती, मंजुरी, नकार या पाच ठिकाणी तर डोळ्यांत तेल घालून.

तपासणी ४: वाक्यात तारीख आहे का

‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’, ‘इन २०१९’, ‘ॲट टेन ओक्लॉक’ यांपैकी काही वाक्यात असेल तर ‘हॅव’ काढा. संपून गेलेला, बोट ठेवता येणारा काळ आला की साधा भूतकाळ: ‘आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९.’ ‘हॅव’ हे आत्ताशी जोडलेल्या काळासाठी असतं. ‘ऑलरेडी’, ‘येट’, ‘एव्हर’, ‘नेव्हर’, ‘सो फार’ अशा शब्दांशी त्याचं जमतं. ‘मी २०१९ मध्ये बी.कॉम. केलं आहे’ हे मराठीत खुशाल चालतं, म्हणून कानाला ही चूक खटकत नाही. कानावर विसंबू नका, तारीख शोधा.

बायोडेटात यातून नको तो अर्थ निघतो. ‘आय हॅव वर्क्ड विथ देम फॉर सिक्स इयर्स’ याचा सरळ अर्थ अजून तिथेच आहे. ती नोकरी सोडली असेल तर ‘आय वर्क्ड विथ देम फॉर सिक्स इयर्स’. वाचणारा नोटीस पिरियडबद्दल विचारतो आणि उमेदवाराला कळत नाही हा का विचारतोय.

आता उलटी बाजू. पूर्वी सुरू झालेलं काम आजही चालू असेल तर आपण ‘काम करतोय’ म्हणतो आणि ‘ॲम वर्किंग’ लिहितो. तिथे हवं ‘हॅव बीन वर्किंग’. सोबतच्या ‘पासून’लाही दोन वाटा आहेत. सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’: ‘सिन्स २०१८’, ‘सिन्स मंडे’. लांबी असेल तर ‘फॉर’: ‘फॉर फोर इयर्स’. ‘चार वर्षांपासून’मधला ‘पासून’ बघून ‘सिन्स’ लिहाल तर फसाल.

‘गॉन’ आणि ‘बीन’ हेही इथेच उरकून घेऊ. ‘ही हॅज गॉन टू मुंबई’ म्हणजे गेलाय, अजून परत आलेला नाही. ‘ही हॅज बीन टू मुंबई’ म्हणजे जाऊन आलाय. स्वतःबद्दल ‘आय हॅव गॉन टू गोवा ट्वाइस’ म्हणू नका. तुम्ही समोर बसलेले आहात, म्हणजे ‘बीन’.

तपासणी ५: एकटा पडलेला ‘हॅड’

‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे मराठीत अगदी साधं वाक्य. त्यातल्या ‘होतो’ला आपण ‘हॅड’ लावतो आणि ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ लिहितो. इंग्रजी वाचकाला ‘हॅड गॉन’ दिसलं की तो पुढची गोष्ट ऐकायला थांबतो: गेला होतास, मग काय झालं? कारण ‘हॅड’ आणि तिसरं रूप ही जोडी भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची दाखवते. ‘द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड ठाणे’: गाडी आधी सुटली, आपण नंतर पोचलो. दुसरी घटना त्या वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात नसेल, तर ‘हॅड’ खोडा आणि साधा भूतकाळ ठेवा. ‘आय वेंट टू पुणे यस्टरडे.’ ‘आय कॉल्ड यू इन द मॉर्निंग.’

ऑफिसच्या मेलमध्ये ‘ॲज आय हॅड टोल्ड यू’ फार दिसतं. व्याकरण एकवेळ चालून जाईल, पण सूर ‘मी तुला सांगितलं होतं ना’ असा लागतो. वरिष्ठांना लिहिताना ‘ॲज आय मेन्शन्ड’ बरं.

दोन ‘हॅड’ शेजारी शेजारी आले तर घाबरून एक खोडू नका. ‘शी हॅड हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज बिफोर शी सॉ अ डॉक्टर.’ पहिला ‘हॅड’ काळाचा, दुसरा तापाचा. तसंच आखूड रूपांचं: ‘ही’ज गॉन’मध्ये ‘हॅज’ दडलंय, ‘ही’ज गोइंग’मध्ये ‘इज’, आणि ‘यू’ड बेटर गो’मध्ये ‘हॅड’, ‘वुड’ नव्हे.

तपासणी ६: ‘हॅव टू’चा नकार

इथून पुढे चूक नुसती दिसायला वाईट नसते, तिने अर्थ उलटतो. ‘यू हॅव टू टेक इट’ आणि ‘यू मस्ट टेक इट’ साधारण एकाच अर्थाची. नकारात मात्र दोघांची फारकत होते. ‘यू डोन्ट हॅव टू टेक इट’ म्हणजे घेतलीच पाहिजे असं नाही, घेतलीत तरी हरकत नाही. ‘यू मस्ट नॉट टेक इट’ म्हणजे घ्यायची नाही, सक्त मनाई.

समजा, आजीच्या गोळीची सूचना परदेशातल्या नातवाला लिहून द्यायची आहे: उपाशीपोटी घ्यायची नाही. ‘शी डझंट हॅव टू टेक इट ऑन ॲन एम्प्टी स्टमक’ लिहिलं तर नातू वाचेल, की उपाशीपोटी घ्यायचं बंधन नाही, घेतली तरी चालेल. हवं होतं ‘शी मस्ट नॉट टेक इट ऑन ॲन एम्प्टी स्टमक’. कारखान्यातल्या पाट्या, विजेच्या सूचना, मुलांच्या शाळेचे नियम यांत ‘डोन्ट हॅव टू’ दिसलं की मराठीत मोठ्याने म्हणून बघा. ‘गरज नाही’ बसतंय की ‘करायचं नाही’?

तपासणी ७: काम कुणी केलं

सर्वात अवघड, कारण मराठीत हा दोष दिसतच नाही. ‘मी केस कापले’, ‘मी फोन दुरुस्त केला’, ‘आम्ही घराला रंग दिला’ असं आपण सहज म्हणतो आणि ऐकणारा न्हावी, दुकानदार, रंगारी आपोआप गृहीत धरतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर कात्री घेऊन स्वतः. दुसऱ्याकडून करवून घेतलं असेल तर ‘हॅव’, मग वस्तू, मग तिसरं रूप: ‘आय हॅड माय हेअर कट’, ‘आय हॅड माय फोन रिपेअर्ड’, ‘वी आर हॅविंग द हाउस पेंटेड’.

क्रम हलला की अर्थ हलतो. ‘आय हॅड रिपेअर्ड माय फोन’ म्हणजे मी स्वतः आधी दुरुस्त केला होता. ‘आय हॅड माय फोन रिपेअर्ड’ म्हणजे करून घेतला. शब्द तेच आणि तितकेच.

हा गोंधळ इंग्रजीच्या इतिहासातच आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे’ अशा बांधणीची वाक्यं होती. ‘हॅव’ तिथे खरोखर बाळगण्याच्या अर्थाने यायचं. पुढे तिसरं रूप सरकून ‘हॅव’ला चिकटलं आणि त्यातून आजचं ‘आय हॅव रिटन अ लेटर’ घडलं. आपलं ‘माझं पत्र लिहून झालंय’ त्याच्या बरंच जवळ जातं. म्हणून जोडी चिकटलेली असेल तर काळ, आणि मध्ये वस्तू घुसली असेल तर करवून घेणं, अशी खूण ठेवा.

माणसाकडून काम करवायचं असेल तर मध्ये माणूस येतो आणि मागे मूळ रूप: ‘आय विल हॅव द प्लंबर चेक इट.’ ‘हॅव हिम टू कॉल मी’मधला ‘टू’ काढा. तो ‘गेट’ला लागतो: ‘गेट हिम टू कॉल मी’. आणि ‘आय हॅड माय वॉलेट स्टोलन’ म्हणजे पाकीट कुणाकडून चोरवून घेतलं नव्हे, चोरीला गेलं. नुकसान झालं तरी हीच बांधणी वापरतात.

कुठे थांबायचं

मेल, बायोडेटा, अर्ज, जाहिरात इथपर्यंत वरच्या सात तपासण्या पुरतात. खालच्या ठिकाणी स्वतः दुरुस्त करत बसू नका.

करारनामा. घरभाड्याच्या लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात ‘द लायसन्सी हॅज पेड द डिपॉझिट’ म्हणजे लायसन्सीने, म्हणजे भाडेकरूने, अनामत भरली, आणि सही करणाऱ्या घरमालकाने ती मिळाल्याचं मान्य केलं. ‘द लायसन्सी हॅज टू पे’ म्हणजे अजून भरायची आहे. ‘शॅल हॅव पेड’ म्हणजे ठरलेल्या वेळेपर्यंत भरलेली असली पाहिजे. यातला एक शब्द बदलणं हे वकिलाचं काम आहे, इंग्रजी चांगलं असलेल्या भाच्याचं नाही.

व्हिसाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. ‘हॅव यू एव्हर बीन रिफ्यूज्ड अ व्हिसा?’ यात ‘एव्हर’ आहे. म्हणजे आजवर कधीही, एकदा जरी. आज हातात व्हिसा आहे म्हणून ‘नाही’ लिहू नका. आपल्याला मिळालेला नकार यात मोडतो की नाही अशी शंका असेल तर फॉर्म भरण्याआधी जाणकार वकिलाला विचारा.

औषधाची सूचना आणि शस्त्रक्रियेचं संमतिपत्र. भाषांतर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवल्याशिवाय पुढे पाठवू नका.

परीक्षा तोंडावर आहे आणि त्याच त्या दोन-तीन तपासण्यांत दर वेळी अडकायला होतंय, असं असेल तर शिक्षक गाठा. जाताना ‘माझं ग्रामर कच्चं आहे’ असं मोघम सांगू नका. स्वतः लिहिलेले तीन-चार मजकूर न सुधारता न्या, प्रत्येक चुकीशेजारी तपासणीचा आकडा टाका आणि ते वाक्य मनात मराठीत कसं आलं होतं तेही खाली लिहा. त्या मराठी ओळीवरूनच शिक्षकाला वाटणी कुठे चुकते ते कळेल.